पन्नाशीनंतरचा श्रीगणेशा
(सेवानिवृत्तांच्या मेळाव्यातील भाषण)



सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ मिळते, गौरवाची भाषणे होतात; पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता करायचे काय, हे कोणी सांगत नाही. ‘आता या वयात काय शिकायचे?’ असे आपण स्वतःलाच विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे होतो.

पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना आपण वेदांचे भाष्यकार म्हणून वंदन करतो. सावंतवाडीजवळच्या कोलगावात १८६७ साली जन्मलेले पंडितजी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले व्यावसायिक चित्रकार होते, हे मात्र अनेकांच्या ध्यानात नसते. हैदराबादेत आणि पुढे लाहोरात त्यांचा चरितार्थ कुंचल्यावर चाले. पन्नाशी गाठली तेव्हा, १९१८ साली, ते औंध संस्थानात आले. तेथे स्वाध्याय मंडळ उभे राहिले आणि संहितांचे संपादन, भाष्य, मुद्रण हेच त्यांचे जीवन झाले. घरी वैदिक परंपरा होती, संस्कृतचा पाया बालपणीच घातला गेला होता, हे खरे. परंतु पाया असणे निराळे आणि पोट भरणारा व्यवसाय बाजूला सारून त्यावर घर बांधणे निराळे! पुढे १९४८ साली, ऐंशीव्या वर्षी, औंध सोडून गुजरातेतील पारडी येथे त्यांनी पुन्हा संसार मांडला. शंभरी पूर्ण करून १९६८ साली ते गेले. प्रौढांनाही घरबसल्या संस्कृत शिकता यावे म्हणून त्यांनी पाठमाला रचल्या, हे मला विशेष मोलाचे वाटते.

आपण सारे पंडितजी नव्हे. म्हणून आपल्या आवाक्यातले एक काम सुचवतो : मोडी लिपी शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात, पार तंजावरपर्यंत मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचणारी माणसे मूठभर. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. खरी कसोटी पुढे असते. आधी ओळ आखून तिच्याखाली लेखणी न उचलता लिहिलेले, दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शिवाय प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. येथे तरुणाची स्मरणशक्ती अपुरी पडते. जमाखर्च, वतन, नातीगोती जाणणाऱ्या प्रौढाला अर्थावरून शब्द लागतो.

अडचण बुद्धीची नसते, मानाची असते. काल ज्यांच्या सहीवाचून कागद हलत नव्हता, त्यांनी आज नातीच्या वयाच्या शिक्षिकेपुढे ‘ग’ गिरवायचा! तो संकोच महिनाभर टिकतो. तेवढा सोसावा.

आणि आरंभासाठी दफ्तरखान्यात जावे लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर पणजोबांचे रुमाल बांधलेले असतील. एखादे खरेदीखत, एखादी पावती, कदाचित एखादे घरगुती पत्र. कसर लागण्यापूर्वी ते रुमाल या रविवारी खाली काढा.