पाय दिला, पुढे काय?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या गादीवर बसलो. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ट्रस्टच्या अपंग-साहाय्य शिबिरांचा हिशेब गेली काही वर्षे माझ्याकडे असल्याने या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती मी शिरोधार्य मानतो.

या कार्याची प्रेरणा आपल्याला जयपूरहून मिळाली. भगवान महावीरांच्या 2500व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, 1975 साली, श्री. देवेंद्रराज मेहता यांनी तेथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. कृत्रिम पाय विनामूल्य द्यावयाचा आणि घेणाऱ्याची जात वा धर्म विचारावयाचा नाही, ही तिची रीत. 'जयपूर फूट' मात्र त्याआधीच, 1968च्या सुमारास, तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात आकाराला आला होता. डॉ. प्रमोद करण सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. ज्यांच्या हातांनी तो पाय घडविला ते अल्पशिक्षित कारागीर रामचंद्र शर्मा, सर्वांचे 'मास्टरजी', यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. परदेशी धाटणीचा पाय बुटात घालण्यासाठी बनविलेला असे. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. पाण्याने न बिघडणारा, घोट्यापाशी लवणारा हा रबरी पाय त्याच्यासाठी होता.

2022च्या हिवाळ्यात आपणही शिबिर घेतले. शाहूवाडी आणि गगनबावडा या तालुक्यांतील धनगरवाड्यांवरून माणसे जीपने आणली, मापे घेतली, पाय बसविले. अहवालात संख्या छापली, छायाचित्रे निघाली. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचे कापड पोहोचविण्यासाठी मी त्यांपैकी एका वाड्यावर गेलो. डांबरी रस्ता खालीच संपतो, पुढे तासाभराची चढण आणि वर पावसाची धार. तेथे आपल्या शिबिरातले एक वृद्ध मामा भेटले. जखम चिघळल्याने त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. ते काठीवर भार देत एका पायाने अंगणात आले. आपण दिलेला पाय घोंगडीशेजारी खुंटीला, आपल्याच ट्रस्टच्या पिशवीत टांगलेला होता.

मी विचारले, "मामा, पाय का घालत नाही?"

"पाय झ्याक हाय, अण्णा. पर पट्टा तुटला, आन् आत पाय हलतोय, सालटं निघतंय. तुमी परत मागाल म्हून जपून ठिवलाय."

बंधू-भगिनींनो, त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

घरी आल्यावर एका तंत्रज्ञाला विचारले. त्यांनी सांगितले की, शस्त्रक्रियेनंतर पायाचा उरलेला भाग पुढचे कित्येक महिने बारीक होत जातो. मग ज्याला ते 'सॉकेट' म्हणतात तो वरचा भाग सैल पडतो आणि घासून जखम होते. तो पुन्हा मापाने करावा लागतो. लहान मूल तर वाढतच असते, त्याला ठरावीक काळाने नवाच पाय लागतो. म्हणजे पाय बसविला त्या दिवशी काम सुरू होते आणि आपण त्याच दिवशी मांडव उतरविला!

मामांनी यावे तरी कोठे? खाली उतरायचे, एस.टी. धरायची, सोबत कोणी घ्यायचे, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. शिवाय त्या पिशवीवर ट्रस्टचे नाव होते, देणगीदारांची नावे होती, दूरध्वनी क्रमांक मात्र नव्हता. ती पिशवी छापून घेणारा मीच. माझ्या दुकानात तयार शर्टाची बाही लांब झाली तर गिऱ्हाईक बिनदिक्कत परत येते आणि आम्ही हसत ती आखूड करून देतो. पावतीवर क्रमांक छापण्यास मी कधी विसरलेलो नाही.

शास्त्रकारांनी वैयावृत्त्याची गणना अभ्यंतर तपात केली आहे. ती मुख्यतः मुनिजनांची सेवा, हे मी जाणतो. पंडितजी समोर बसले आहेत, चुकल्यास त्यांनी सांभाळून घ्यावे. पण रुग्ण मुनींची सेवा आपण एक दिवस करून थांबत नाही. प्रकृती जशी असेल तसे पुन्हा पुन्हा जातो. अनुकंपेने केलेल्या सेवेलाही हीच रीत का लावू नये? आणखी एक गोष्ट, थोडी कटू आहे. शिबिरात आपण सर्वांना प्रार्थनेसाठी उभे केले होते. ज्यांना एकच पाय होता त्यांनाही. हे पुन्हा होऊ नये, असे माझे नम्र मत आहे.

सुवर्णमहोत्सवी निधीतून संगमरवरी प्रवेशद्वार उभारण्याचा प्रस्ताव आहे. माझा त्यास विरोध नाही, माझी वर्गणीही त्यात आहे. त्यासोबत याच निधीतून दर तीन महिन्यांनी एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि एक जीप, आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी पाठवावी, अशी माझी विनंती आहे. बाजाराला वाड्यावरचे कोणी ना कोणी उतरतेच. पट्टे, बकले तेथल्या तेथे बदलता येतील, सॉकेटची मापे घेता येतील, कोणाला जखम असल्यास वेळीच दवाखान्यात नेता येईल. त्यापायी पुढील अहवालात नव्या पायांचा आकडा कमी छापावा लागला तरी चालेल.

मामांचा पट्टा मी बदलून दिला आहे. सॉकेट अजून सैलच आहे. शिबिरात पाय मिळालेल्या प्रत्येकाचे नाव, वाडा आणि निरोप कोणाकडे द्यावयाचा हे लिहिण्यासाठी मी दुकानात एक वही ठेवली आहे. पहिले नाव मामांचे आहे. आपल्यापैकी ज्यांनी त्या वेळी जीपसोबत जाऊन माणसे आणली, त्यांनी कृपया येत्या आठवड्यात येऊन आठवतील तेवढी नावे सांगावीत.

जय जिनेंद्र.