घरातले सुतारी मेज

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो अहवाल छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच. म्हणून मी आज तो वाचून दाखवणार नाही. मी बोलणार आहे एका मेजाविषयी, सुतारकामाच्या मेजाविषयी. आणि त्याचा प्रारंभ मला एका कबुलीने करावा लागणार आहे.

आपल्या शाळेच्या मागच्या खोलीत उद्योगाच्या तासाची चार जड लाकडी मेजे होती, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. संगणकांसाठी जागा हवी होती. ती मेजे भंगारात काढण्याच्या कागदावर सही माझी आहे. त्या दिवशी मला त्यात काही विशेष वाटले नाही. पुढे एका वार्षिक संमेलनाला आलेला एक माजी विद्यार्थी ती खोली शोधत गेला आणि परत येऊन म्हणाला, "बाई, मी पहिल्यांदा सरळ रेषेत काही कापलं ते त्या मेजावर. ते कुठे गेलं?" आज तो एका मोठ्या कारखान्यात अभियंता आहे. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते शब्द माझ्या मनात रुतून बसले. मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर योगायोगाने तोच प्रश्न माझ्या घरात आला. माझे यजमान सेवानिवृत्त झाले आणि त्यांनी सुतारकाम शिकायचे ठरवले. आम्ही बाजारातून एक सुबक, हलके टेबल आणले. त्यावर फळी ठेवून त्यांनी रंधा मारला आणि रंध्याबरोबर टेबलही भिंतीकडे चालू लागले! खिळे ठोकले, तर वरचा भाग थरथरे. पंधरा दिवसांत त्यांचा उत्साह मावळला. चूक त्यांच्या हातांची नव्हती. हातांना आधार देणाऱ्या वस्तूची होती.

अखेर आम्ही आमच्या परिचयातील एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. यजमानांनी त्यांना विचारले, "मेज बनवायला आधी मेज लागते, ते आणायचे कुठून?" मिस्त्री हसले आणि अस्सल जबलपुरी हिंदीत म्हणाले, "मेज तो बाद में साहब, पहले ज़मीन पर बैठिए।" ते मांडी घालून बसले, लाकडाचा तुकडा पायाच्या अंगठ्याने व टाचेने घट्ट दाबून धरला आणि दोन्ही हातांनी पटाशी व मोगरी चालवू लागले.

त्या क्षणी मला माझ्या आजीची विळी आठवली. विळीच्या पाटावर पाय ठेवला की पाते स्थिर होते आणि दोन्ही हात भाजीसाठी मोकळे राहतात. सुताराचा पाय हेच काम करतो. आपल्याकडचा परंपरागत सुतार जमिनीवर बसूनच काम करीत आला. जपानमधील कारागीरही बराचसा बसून काम करतात, आणि प्राचीन रोमन सुतारांची मेजेही गुडघ्याएवढी बुटकी असत. उभे राहून वापरायचे उंच, जड मेज युरोपात रुळले. आंद्रे रूबो या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकात सुतारकामावर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यात वर्णिलेल्या मेजाचा आराखडा आजही जगभर अनुसरला जातो. जाड पाट, भक्कम पाय आणि पायांची पुढची बाजू पाटाच्या कडेशी समपातळीत, हे त्याचे मुख्य लक्षण.

आपल्याकडे असे मेज रेल्वेच्या आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून परिचयाचे झाले. आपल्या जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली सुरू झाली. त्या काळी तोफगाड्यांची चाके लाकडी असत. या शहरातील कित्येक मराठी घरांचा इतिहास अशा कारखान्यांच्या भोंग्याशी जोडलेला आहे, हे मी आपणांस सांगायला नको.

आता मुख्य विषयाकडे वळते. घरासाठी मेज निवडताना पहिला विचार दिसण्याचा नव्हे, वजनाचा करावा. मेजाचे काम एकच: वस्तू अशी धरून ठेवणे की आपले दोन्ही हात मोकळे राहतील. जे हलते ते धरू शकत नाही.

दुसरा विचार उंचीचा. सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगट वळवून तळहात जमिनीला समांतर करावा. तो जिथे येईल ती रंधा मारण्यासाठी योग्य उंची. माझे यजमान ५ फूट ६ इंच उंच आहेत. त्यांच्यासाठी ती ३२ इंच आली. मेज याहून उंच झाले, तर शरीराचा भार रंध्यावर येत नाही आणि खांदे दुखतात. फार बुटके झाले, तर कंबर. ओटा बांधताना आपण गृहिणीची उंची विचारात घेतो, तसेच हे आहे.

तिसरा विचार आकाराचा. घरात ५ फूट लांब आणि २ फूट रुंद मेज पुरेसे होते. पाट ३ इंच जाड असावा. एवढ्या पाटाला अडीच घनफूट लाकूड लागते, आणि सागाचा असा पाट साधारण ४५ किलो भरतो. पाय व आडव्या पट्ट्या धरून मेज पाऊणशे किलोच्या घरात जाते. मग ते रंध्याबरोबर चालत नाही.

चौथा विचार लाकडाचा. साग आणि साल ही दोन्ही लाकडे आपल्या भागाला परिचित आहेत. साल जास्त जड व कणखर असतो, पण त्याचे रेषे उलटसुलट जातात, त्यामुळे नवशिक्याच्या रंध्याला तो दाद देत नाही. साग स्वभावाने स्थिर. वाळल्यावर फारसा वाकत नाही. नवीन साग महाग पडतो. आम्ही पाडलेल्या जुन्या घराच्या तुळया पावती घेऊन विकत घेतल्या. अनेक दशके छपराखाली मुरलेले ते लाकूड होते. घेताना आत राहिलेले खिळे मात्र काळजीपूर्वक शोधावेत, नाहीतर रंध्याच्या पात्याचे दात पडतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्त मिळाले तरी मोहात पडू नये. त्यांत बारीक खडी रुतलेली असते आणि पुष्कळांना क्रिओसोटसारखे घातक तेल पाजलेले असते. ते घरात नकोच.

आता बांधणीकडे येऊ. पाटासाठी ८ इंच रुंदीच्या तीन फळ्यांच्या कडा रंध्याने सरळ करून, सर्वांचे रेषे एकाच दिशेने ठेवून, त्या एकमेकींना चिकटवाव्यात. पाय ४ इंच चौरस घ्यावेत. पाय व आडव्या पट्ट्या खिळ्यांनी जोडू नयेत. पायात आरपार खाच पाडावी, पट्टीच्या टोकाला त्या खाचेत घट्ट बसेल अशी कूस काढावी आणि बाहेरून पाचर ठोकावी. खिळा धक्क्यांनी सैल होतो. पाचर सैल झाली तर पुन्हा ठोकता येते.

येथे जबलपूरच्या हवेची आठवण ठेवावी लागते. मे महिन्याच्या लूमध्ये लाकूड आक्रसते आणि श्रावणात फुगते. दोन फूट रुंदीचा पाट या दोन ऋतूंत एक-दोन सूत सहज कमी-जास्त होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे नव्या पिढीसाठी सांगते. म्हणून पाट पुढच्या बाजूने पक्का करावा आणि मागच्या बाजूचे स्क्रू लांबट भोकांतून लावावेत, म्हणजे त्याला हालचालीस वाव राहतो. आम्ही प्रथम चारही बाजूंनी तो जखडला होता. भाद्रपदात मधला सांधा तडकला आणि सारे पुन्हा करावे लागले.

वस्तू धरण्यासाठी आरंभी महागडे साहित्य नको. पाटाच्या डाव्या टोकाला एक चौकोनी भोक पाडून त्यात खाली-वर सरकणारी लाकडी खुंटी बसवावी. रंधा मारताना फळी तिला टेकते आणि जागची हलत नाही. पुढे जमेल तेव्हा पुढच्या कडेला, उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या टोकाकडे, एक लोखंडी शेगडा बसवावा. कारखान्यात त्यालाच वाइस म्हणतात. त्याच्या जबड्यांना आतून लाकडाच्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे वस्तूवर वळ उठत नाहीत. मेज खिडकीजवळ ठेवावे. पाटाला चकचकीत वॉर्निश देऊ नये, वस्तू घसरते. जवसाचे तेल पुरे. मात्र त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवावेत. आणि सागाचा भुसा नाका-घशाला त्रास देतो, म्हणून रंधताना व घासताना तोंडावर फडके बांधावे.

मित्रहो, शाळेच्या समारंभात हे एवढे तपशिलाने का सांगितले? त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण भाषेचे. आपण हिंदी प्रदेशात राहून मराठी शाळा चालवतो. आमच्या मेजाचे काम सुरू असताना मिस्त्री आरी म्हणत, माझे यजमान करवत म्हणत. ते रुखानी म्हणत, आम्ही पटाशी. ते बरमा, आम्ही गिरमिट. शेजारची दोन मुले, आपल्याच शाळेची, हे ऐकत उभी होती. त्यांना यांपैकी एकही शब्द ठाऊक नव्हता, ना मराठी, ना हिंदी. मी मराठीची शिक्षिका. मला त्या दिवशी उमगले की हे शब्द मी फळ्यावर लिहून टिकणार नाहीत. ज्या मुलाने पटाशीला धार लावली आहे, त्याला तो शब्द पाठ करावा लागत नाही. उद्योगाची खोली बंद करताना मी नकळत शब्दकोशाची काही पानेही बंद केली होती.

दुसरे कारण शिक्षणाचे. हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीम १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आली. त्या वेळी वर्धा आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, हे आपण विसरतो. त्याआधी १८६६ मध्येच फिनलंडने ग्रामीण शाळांतील मुलांसाठी हस्तोद्योग अनिवार्य केला होता. या विचारवंतांना प्रत्येक मूल सुतार व्हावे, असे वाटत नव्हते. तिरके कापलेले लाकूड सबब ऐकत नाही, गुण्या लावला की चूक दिसते, आणि ती मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, हा त्यातला संस्कार आहे. परीक्षेतील उणे गुण मी मुलाला सांगते. मेजावरची उणीव त्याला कुणी सांगावी लागत नाही.

संगणक आणल्याचा मला पश्चात्ताप नाही, ते हवेतच. पश्चात्ताप याचा आहे की दोन्हींसाठी जागा शोधण्याचा प्रयत्नही मी केला नाही.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने दोन गोष्टी मागते. पालकांनी घरात हाताच्या कामासाठी एक जागा राखावी. पाच फुटांचे मेज शक्य नसेल तर गच्चीच्या जिन्याखाली तीन फुटांचे चालेल. पण ते न हलणारे असावे, आणि त्यावर मुलींचाही तितकाच हक्क असावा. आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या हातांत हे कौशल्य आहे, त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेला द्यावा. मागच्या खोलीचा अर्धा भाग मी मोकळा करून घेतला आहे. तेथे दोन मेजे उभी राहतील: एक ३२ इंचांचे, आणि एक सातवीच्या मुलांच्या उंचीला साजेसे, २७ इंचांचे. लाकूड आले आहे. माझ्या यजमानांनी आणि मिस्त्रींनी पहिल्या शनिवारी यायचे मान्य केले आहे.

सुरुवात अर्थातच जमिनीवर बसून करायची आहे.

त्या माजी विद्यार्थ्याला मी पत्र लिहिले आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला विलंब झाला. ते उत्तर देण्यास आपण साहाय्य करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.