आखाड्याचा धनी कोण?

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कुस्तीसारखा विषय पक्षाच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. ऊस, कापूस, रोजगार हमी हे विषय सोडून लंगोट लावणाऱ्यांची चर्चा कशाला? परंतु ज्या मातीत शेतकऱ्यांची, धनगरांची, मुसलमान कारागिरांची पोरे पिढ्यान्‌पिढ्या अंग घुसळीत आली, त्या मातीची मालकी कोणाकडे गेली, हा प्रश्न साखर कारखान्याच्या मालकीहून मुळात निराळा नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष लोटते न लोटते तोच, १९६१ मध्ये, याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झालेल्या कुस्तीगीर परिषदेचा हा उपक्रम. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. तरी आरंभ झाला तो निजामी अमलातून १९४८ मध्ये सुटलेल्या आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिलेल्या मराठवाड्यात. नव्या राज्याच्या एकीकरणाचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल. पुढे ही स्पर्धा धुळे, अमरावती, नाशिक अशी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरली. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले आणि १९६९ मध्ये केसरी झाले. गुणी पोराला गाव सोडून कोल्हापूर गाठावे लागे, ही मराठवाड्याची उणीवही त्यातच दिसते.

त्याआधी कुस्तीचा धनी राजा होता. शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, तालमी दिल्या, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. गामा पतियाळाच्या आश्रयाने वाढला. शाहू महाराजांची दृष्टी समतेची होती, हे नि:संशय. परंतु पैलवानाच्या ताटातले दूध राजाच्या मर्जीवर होते, हेही तितकेच खरे. संस्थाने विलीन झाली आणि ते दूध आटले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले, ते लोकवर्गणी आणि घर गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकर यांच्या बळावर. स्वतंत्र देशाचे सरकार त्या वेळी कोठे होते, हे विचारण्याची तसदी पुढेही फारशी कोणी घेतली नाही.

राजा गेल्यावर दोन वाटा फुटल्या. पहिली मुंबईच्या तिकीटखिडकीची. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि हंगेरीचा किंगकाँग यांच्या ‘फ्री स्टाइल’ लढतींना गर्दी लोटे. १९६८ मध्ये तेथे दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद मिळविले. आतून ठरलेल्या लढतीला आखाड्यात नूरा कुस्ती म्हणतात. त्या खेळांविषयी हा बोलबाला तेव्हाही होता. काही असो, तो धंदा एका माणसाच्या नावावर चालला. नायक चित्रपटांत रमला, १९८३ मध्ये निवृत्त झाला, आणि तिकीटखिडकीही बंद पडली. मागे संस्था उरली नाही, मल्लांचा निधी उरला नाही. पुढे दूरचित्रवाणीने अमेरिकेची तीच करमणूक घराघरांत फुकट आणून ओतली.

दुसरी वाट परिषदेची. ही वाट खरी होती, कारण तिच्यामागे गावोगावच्या जत्रा होत्या, हलगी होती, नारळापासून हजारांपर्यंतचे इनाम होते, वर्गणी काढणारा गाव होता. परंतु मोठ्या मैदानाचा खर्च गावाला पेलेना, आणि राजाच्या रिकाम्या गादीवर साखर कारखान्याचा अध्यक्ष, बाजार समितीचा सभापती, पुढे आमदार-खासदार येऊन बसले. सहकाराच्या पैशाने कुस्तीला पंचवीस-तीस वर्षे बळ दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र सहकारात निदान कागदावर तरी सभासदाला मत असते. पैलवानाला ते आपल्या परिषदेत कधी होते? संघटना जिल्हा संघांची, जिल्हा संघ पुढाऱ्यांचे.

याचा परिणाम २०२२ मध्ये उघड झाला. त्या वर्षी साताऱ्यात कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील केसरी झाला. गदा मिळाली, रोख बक्षीस मात्र मिळाले नाही, असे त्या तरुणालाच बोलून दाखवावे लागले. काही महिन्यांतच राष्ट्रीय महासंघाने राज्य परिषद बरखास्त केली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या मैदानात विजेत्या शिवराज राक्षेला थार गाडी मिळाली. एका वर्षी रिकामे पाकीट, दुसऱ्या वर्षी मोटार! मेहनत तीच, बदलला तो यजमान. मल्लांच्या मानधनवाढीची घोषणाही त्याच व्यासपीठावरून झाली, दरबारात वस्त्रे द्यावीत तशी.

त्यानंतर एकाच किताबाचे दोन वाटेकरी झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख केसरी, आणि धाराशिवला शिवराज राक्षे केसरी. २०२५ मध्ये तर एकट्या अहिल्यानगर जिल्ह्यात दोन स्पर्धा झाल्या, एक नगर शहरात आणि दुसरी कर्जतला. नगरच्या स्पर्धेत निकालावरून वाद होऊन राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर आणि महेंद्र गायकवाडवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणे असमर्थनीयच. पण पैलवानाला शिक्षा तत्काळ आणि संघटना दुभंगणाऱ्यांना कसलीच नाही, हा न्याय कोणत्या मातीतला?

या शहराभोवती चिकलठाणा आणि वाळूज वसाहती उभ्या राहिल्या. कंत्राटी कामगाराच्या मुलाला तालमीत पाठवायचे तर दूध, तूप, बदाम, अंडी यांचा महिन्याचा खर्च बापाच्या मजुरीचा मोठा घास घेतो. गुडघा निखळला तर उपचार घरचे, आणि तिशीनंतर भाकरी कोठली, याचे उत्तर नाही. पोलीस किंवा रेल्वेत नोकरी मिळाली तो सुटला. बाकीचे कोणाच्या तरी प्रचारात किंवा दारात उभे राहतात. पुढाऱ्यांभोवतीच्या बाहुबळाची ही भरती कोठून होते, ते निराळे सांगायला नको. समाजवादी कार्यकर्त्यांनीही हा खेळ सरंजामी म्हणून दूर ठेवला आणि मैदान मोकळे सोडले.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. परिषद कोणाचीही असो, तिच्या कार्यकारिणीत मल्लांनी निवडलेले मल्ल असावेत. स्पर्धेचे जमाखर्च जाहीर व्हावेत आणि इनामाची रक्कम पहिल्या लढतीआधी बँकेत जमा असावी. नोंदलेल्या प्रत्येक मल्लाचा अपघात विमा असावा, मानधन नियमाने ठरावे, घोषणेने नव्हे. तालुक्याच्या दूध संघाने तालमीला दूध द्यावे, आणि तालमीत मुलींनाही जागा असावी. येत्या जत्रांच्या हंगामात ज्या गावी मैदान भरेल, तेथील कार्यकर्त्यांनी जोड लावण्याच्या वेळी पंचकमिटीपुढे विमा आणि इनाम हे दोन प्रश्न प्रथम मांडावेत. वस्तादांना आधी भेटून त्यांची संमती घ्यावी, म्हणजे मैदानात वितंडवाद होणार नाही.