पानांचा क्रम आणि पानांचा पत्ता

गावाचा इतिहास, मंडळाची स्मरणिका, शाळेचा शताब्दी अंक संकेतस्थळावर चढवणारी मंडळी हमखास एकच प्रश्न विचारतात: आमचं दहावं प्रकरण दुसऱ्याच्या आधी का लागतं? कारण पुष्कळ ठिकाणी नावं एकेक अक्षर पाहून लावली जातात. १ नंतर १०, मग ११, आणि २ त्यानंतर. फाइलींना ०१, ०२ अशी नावं द्या, काम झालं.

पण हा क्रमांक तुमच्या संगणकापुरताच ठेवा. पानाच्या पत्त्यात, म्हणजे लिंकमध्ये, तो घालू नका. पुन्हा सांगतो, पत्त्यात अनुक्रमांक नको. आज तुमची बारा प्रकरणं आहेत. उद्या गावातले एखादे आजोबा जुनी कागदपत्रं काढून देतील आणि चौथ्यानंतर नवं प्रकरण घालावं लागेल. मग पाचव्याचं सहावं, सहाव्याचं सातवं, पुढचे सगळे पत्ते बदलणार. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली जुनी लिंक भलतंच प्रकरण उघडणार. एखाद्या विद्यार्थिनीनं प्रबंधात दिलेला संदर्भ चुकीचा ठरणार. अहो, तिनं तुमच्यावर विश्वास ठेवून तो पत्ता उतरवून घेतलेला असतो! वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावलंय, की एकदा दिलेला पत्ता बदलू नये. तरी आपण दर दिवाळीला संकेतस्थळ नवं करतो आणि सगळे पत्ते मोडून टाकतो. कृपा करा, असं करू नका.

पत्ता विषयावरून ठेवा: ‘गावची-बारव’, ‘दुष्काळ-१९७२’. साल चालेल, ते काही सरकत नाही.

मग क्रम कुठे लावायचा? वर्डप्रेसमध्ये ‘पोस्ट’ तारखेनुसार लागतात, म्हणून ग्रंथासारखा मजकूर ‘पेज’मध्ये घाला. तिथे ‘ऑर्डर’ नावाची चौकट असते. तीत १, २, ३ न लिहिता १०, २०, ३० लिहा. चौथ्यानंतर नवं प्रकरण आलं, की त्याला ४५ द्या. बाकीच्या क्रमांकांना हात लावावा लागत नाही.

पत्ते आधीच बदलून बसला असाल, तर ३०१ नावाची सोय वापरून जुने पत्ते नव्यांकडे वळवून घ्या.

आणि वाचक पुष्कळदा गूगलवरून थेट सातव्या प्रकरणात उतरतो. म्हणून प्रत्येक पानावर मागचं प्रकरण, पुढचं प्रकरण आणि अनुक्रमणिका, तिन्हींच्या लिंक हव्यात. तिथे नुसतं ‘पुढे’ लिहू नका, त्या प्रकरणाचं नाव लिहा.