मास्तरांचा गृहपाठ

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागलं की मंद्रूप येतं. काळी जमीन, घराघरांत मराठी नाहीतर कानडी, बऱ्याच ठिकाणी दोन्ही, आणि पाऊस आपल्या मर्जीचा. या भागात विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी सरली. मुलांच्या अभ्यासाबद्दल सगळेच बोलतात. आज मला शिक्षकाच्या अभ्यासाबद्दल बोलायचं आहे.

मास्तर जुने झाले की त्यांना पुस्तक पाठ होतं, आणि तिथंच त्यांची वाढ खुंटते. ती पुन्हा सुरू होते ती एखाद्या पोराच्या प्रश्नानं. केशाकर्षण शिकवताना मी बारीक काचनळीत चढणारं पाणी दाखवत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आजोबा म्हणत्यात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. मग कोळपल्यावर पाणी येतंय कुठनं?"

प्रश्न धड्याचाच होता, फक्त धड्यात छापलेला नव्हता. आपला शाळू पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभा राहतो. काळी माती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. शिवाय मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या काचनळीसारखंच पाणी वर ओढतात आणि उन्हाच्या हवाली करतात. कोळपं फिरलं की वरचा थर भुसभुशीत होतो, ही वाट तुटते, भेगा बुजतात. म्हणून तर भेगा पडू लागल्यावर दातेरी कोळपं चालवतात. पाणी नवं येत नाही, असलेलं टिकतं.

हे सांगून भागलं असतं, पण सांगितलेलं पोरं विसरतात. कंदिलाच्या दोन काचा घेतल्या, तळाला फडकं बांधलं. एकीत सीना नदीची वाळू, दुसरीत शेतातली काळी माती भरली आणि दोन्ही परातीतल्या पाण्यात उभ्या केल्या. वाळूत पाणी झटकन चढतं आणि थोडक्यात थांबतं. काळ्या मातीत अगदी सावकाश चढतं, पण बरंच वर जातं. हे तासाच्या घंटेत बसत नाही, दिवसेंदिवस पाहावं लागतं. म्हणून आधी घरी करून पाहायचं, मग वर्गात न्यायचं. मास्तरांचा गृहपाठ म्हणतो तो हाच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला निदान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. अपेक्षा रास्त आहे. मात्र हजेरीपत्रक आणि चहा यांच्यामध्ये उरलेल्या वेळात पडद्यावरच्या पाट्या वाचून हे तास भरणार असतील, तर त्यातून प्रमाणपत्रापलीकडे काही निघायचं नाही. याउलट, मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं आणि लवकरच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये कामाला लागलं. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या अडचणी वर्गात जाऊन तपासल्या. पुस्तकाची बोजड भाषाच मुलांना विज्ञानापासून अडवते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे तर घरी कानडी बोलणारं पोर मराठी पुस्तकातल्या संस्कृत संज्ञांशी झुंजत असतं. त्याला आधी कोळपं दाखवा, केशाकर्षण नंतर सांगा.

दुसरी गोष्ट, शिक्षकानं शिक्षकाशी बोललं पाहिजे. पगारवाढीबद्दल आपण पुष्कळ बोलतो, धड्याबद्दलही बोलावं. त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. मंद्रूपवर वर्षातून दोनदा सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, साधारण ३ तारखेला. तेव्हा घड्याळात बारा नव्हे, साडेबारा उलटून गेलेले असतात, कारण भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत.

जळगाव आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, सुमारे ३९० किलोमीटरवर. आपली सावली नाहीशी होते त्या वेळी तिथल्या एक मीटर काठीची सावली सहा सेंटिमीटरच्या आसपास पडते. म्हणजे कोन साडेतीन अंशांचा. ३६० ला साडेतीननं भागा, ३९० नं गुणा. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरच्या घरात येतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिसनं हेच केलं. आपल्याला त्यासाठी जळगावकडचा एक ओळखीचा शिक्षक आणि एक फोन पुरे.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, येत्या ऑगस्टसाठी जोडीदार आजच शोधून ठेवा. आभाळ भरून आलं, तर एखादा दिवस पुढेमागे चालेल. काठी मात्र ओळंबा लावून सरळ उभी करा.