जुन्या स्वयंपाकघरात नवी साधने

घराची दुरुस्ती काढावयाची म्हटले म्हणजे गृहस्थाचे लक्ष प्रथम जाते ते दर्शनी भागाकडे. सोप्यावरची फरशी, खिडक्यांची तावदाने, कुंपणाची भिंत यांचा विचार आधी होतो. आणि घरातील बायकांचा दिवस जेथे उगवतो व जेथे मावळतो, त्या स्वयंपाकघराची पाळी शेवटी येते. अलीकडे हा क्रम बदलू लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र स्वयंपाकघराची साधने निवडण्याची जी रीत पडली आहे, ती तितकीशी समाधानकारक नाही. ती निवड बहुधा दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली होते. चुलीपाशी बसून, तेथे काय काय काम चालते हे पाहून ती क्वचितच होते.

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखादे घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावे. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, मागच्या अंगाला स्वयंपाकघर आणि त्याला लागून विहीर. मुलगा आखातात नोकरीला. घरात म्हातारी आई, सून आणि दोन शाळकरी मुले. मुलाने पैसे पाठविले आहेत आणि पैशांबरोबर दूरध्वनीवर साधनांची यादी व चित्रेही पाठविली आहेत. गॅसची चार तोंडांची शेगडी, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, मोठा फ्रिज, धूर ओढणारी चिमणी, काळ्या दगडाचा ओटा. मुलगा विचारतो, "आई, ओटा पसंत आहे ना?" आई म्हणते, "ओटा चांगलाच आहे रे बाबा. पण नारळ खवायला मी बसू कुठे?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सबंध विषयाचे मर्म त्यात आहे. नवे काय घ्यावयाचे याचा विचार करण्यापूर्वी, जे जाणार आहे ते आजवर कोणकोणती कामे करीत होते याचा हिशेब मांडला पाहिजे. आदोळी गेली तर नारळ खवणे आणि मासळी कापणे ही दोन्ही कामे एकाच वेळी उघड्यावर पडतात. ओट्याच्या कडेला बसविण्याची खवणी मिळते. पण कडा किती जाड असावी आणि पुढे किती यावी, हे दगड कापण्यापूर्वी सांगावे लागते. मागाहून सांगून दगड वाकत नाही.

चुलीचेच पाहा. चूल केवळ भात शिजवीत नव्हती. तिच्या उरलेल्या निखाऱ्यांवर उकड्या तांदळाची पेज निवांत होत असे. तिच्या धगीवर आंघोळीचे पाणी तापे. तिच्या धुराने माळ्यावरची सोले आणि सुकी मासळी पावसाळाभर कोरडी राहत, आणि वरच्या वाशांना कीड लवकर लागत नसे. चूल काढून गॅस आणला म्हणजे यांपैकी एका कामाची सोय होते. बाकीची कामे निराधार होतात. मग पहिल्याच पावसात माळ्यावर बुरशी येते, आणि दोष मात्र नव्या साधनाला दिला जातो. हवाबंद डबे, माळ्याला वारा लागेल असा झरोका आणि पाणी तापविण्याची वेगळी व्यवस्था, ही तीन खर्चाची कलमे चूल काढतानाच यादीत घातली पाहिजेत.

म्हणून चूलच ठेवावी काय? तसे मुळीच नाही. बंद खोलीतल्या धुराने डोळे व फुप्फुसे यांची जी हानी होते, तिची मोजदाद आता जगभर झालेली आहे. घरातील इंधनाच्या धुराने होणाऱ्या प्रदूषणापायी २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीच्या धुराविषयी हळवे होण्याचे सुख बहुधा ज्याला फुंकणी हाती धरावी लागत नाही त्यालाच परवडते. चूल घराबाहेर, मागच्या पडवीत ठेवावी. पाणी तापविणे, नारळाची चुडते जाळणे यांसाठी ती उपयोगी पडेल.

आता वाटण. गोव्याच्या स्वयंपाकातील सर्वांत कष्टाचे काम हेच. ओला नारळ, मिरची, धणे यांचे लोण्यासारखे वाटण रोज हवे, आणि ते रगड्यावर करणाऱ्या बाईचे खांदे संध्याकाळी किती दुखतात हे तिलाच ठाऊक. येथे मिक्सरने खरोखरच क्रांती केली. परंतु तिचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. परदेशी बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकेना आणि मोटार जळू लागली, तेव्हा सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याने पत्नी माधुरी यांच्या अडचणीवरून आपल्या स्वयंपाकाला पेलेल असा मिक्सर तयार केला. १९६३ साली 'सुमीत' या नावाने तो बाजारात आला आणि पुढे घरोघर पोहोचला. परदेशी यंत्र वाईट होते असे नव्हे. त्याला नेमलेले काम निराळे होते, एवढेच.

मिक्सर घेताना भांड्यांची संख्या मोजण्यापेक्षा मोटारीची शक्ती पाहावी. ओल्या वाटणाला साधारणतः ५०० ते ७५० वॅटची मोटार लागते. रिकामा फिरताना पात्याचा वेग मिनिटाला १८,००० ते २०,००० फेऱ्यांच्या घरात जातो. त्यामुळे खोबरे तापते, त्याचे तेल सुटते आणि हुमणाची चव बदलते. थंड पाणी घालून, मध्ये थांबून, थोडे थोडे वाटले तर हा दोष पुष्कळसा टळतो. रोजच मोठे वाटण लागत असेल, तर कोइंबतूरकडे बनणारे दगडी पाळ्यांचे विजेचे ग्राइंडर अधिक योग्य. ते संथ फिरते व वाटण तापू देत नाही. मात्र ते जड असते. रोज उचलून ठेवावे लागले तर महिन्याभरात अडगळीत जाते. त्याला ओट्यावर कायमची जागा द्यावी, नाहीतर घेऊच नये.

विस्तवाच्या बाबतीत गॅस की वीज, असा वाद घातला जातो. इंडक्शन शेगडीत उष्णता भांड्याच्या बुडातच उत्पन्न होत असल्याने ती वाया कमी जाते, आणि उघडी ज्योत नसते. परंतु तिला लोहचुंबक चिकटेल असेच बूड लागते. तांब्यापितळेची वा साध्या ॲल्युमिनियमची भांडी तिच्यावर चालत नाहीत, आणि डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडीही चालत नाहीत. ज्या घरी माशांची कढी अजून मातीच्या भांड्यात होते, त्या घराने हे आधीच ओळखावे. घरातली सर्व भांडी मांडून त्यांना चुंबक लावून पाहावा. पाच मिनिटांत निकाल लागतो. शिवाय पावसाळ्यात झाड तारेवर पडले की वीज जाते, हा गावोगावचा अनुभव. म्हणून गॅसची शेगडी मुख्य आणि इंडक्शन तिची मदतनीस, ही वाटणी खेड्यात शहाणपणाची ठरते. चार तोंडांच्या शेगडीवर चार मोठी भांडी खरोखर मावतात का, हेही दुकानात भांडी नेऊन पाहण्यास लाजू नये. पुष्कळदा रुंद अशी तीन तोंडांचीच शेगडी अधिक कामाची असते.

मायक्रोवेव्ह आणि ओव्हन या दोन वस्तू एक समजून पुष्कळांची फसगत होते. साधा मायक्रोवेव्ह अन्नातील पाण्याचा अंश तापवितो. पदार्थाला तांबूस रंग आणणे त्याचे काम नव्हे. नाताळात बिबिंक करावयाची तर एकेका थराला वरून आच लागते. पूर्वी त्यासाठी झाकणावर निखारे ठेवीत. ज्यात वरची व खालची तार वेगवेगळी चालविता येते असा विजेचा ओव्हन त्या घराला हवा. उलट, चतुर्थीला नेवऱ्या तळणाऱ्या आणि हळदीच्या पानात पातोळ्या उकडणाऱ्या घराला ओव्हनपेक्षा रुंद कढई आणि मोठे मोदकपात्र यांचीच गरज अधिक. शेजारणीकडे आहे म्हणून घेतलेला ओव्हन अखेर डबे ठेवण्याच्या कामी येतो.

यानंतरचा विचार दिसत नाही म्हणून राहून जातो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. तो विजेच्या तारांचा. इंडक्शन शेगडी २,००० वॅट, विजेची किटली १,५००, मायक्रोवेव्ह १,२०० आणि मिक्सर ७५० असे धरले तर एकूण भार ५,४५० वॅट होतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हा सुमारे २४ अँपिअर प्रवाह झाला. एक दिवा आणि एक पंखा यांसाठी पूर्वी ओढलेल्या तारेने तो कसा सोसावा? एकट्या इंडक्शनलाच ८ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. तिला ६ अँपिअरचे सॉकेट चालणार नाही, १६ अँपिअरचे हवे. म्हणून स्वयंपाकघराला जाड तारांची स्वतंत्र जोडणी घ्यावी, वीज खात्याकडून मंजूर भार वाढवून घ्यावा, आणि अर्थिंग परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी नावाचे साधन मुख्य फळ्यावर असावे. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, पायाखालची फरशी भिजलेली असते आणि काम ओल्या हातांनी चाललेले असते. अशा ठिकाणी हा खर्च चैनीचा म्हणता येत नाही. त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

हवेचेही तसेच. कौलांचे छप्पर हेच पूर्वी धुराडे होते. फटींतून धूर व वाफ आपोआप निघून जात असे. कौले जाऊन सिमेंटची स्लॅब आली म्हणजे ही वाट बंद होते. मासळी तळणाऱ्या घराला मग चिमणी घ्यावीच लागते. ती नळीवाटे हवा बाहेर टाकणारी असावी. हवा गाळून पुन्हा आतच सोडणारी चिमणी तेलाचा अंश धरून ठेवते, वाफ मात्र घरातच राहते. नळीला वळणे कमीत कमी असावीत, आणि तिचे भोक गिलावा होण्यापूर्वी पाडावे. गॅसचा सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात कोंडू नये. हा वायू हवेहून जड असल्यामुळे गळाल्यास तळाशी साचतो. कपाटाला जमिनीलगत झरोके हवेत, आणि शेगडी सिलिंडरहून उंचीवर असावी.

फ्रिज ही बारा महिने चोवीस तास चालणारी वस्तू. तिची किंमत दुकानात एकदा आणि वीजबिलात पुन्हा पुन्हा द्यावी लागते. भारतात ताऱ्यांच्या चिठ्ठीची योजना २००६ साली सुरू झाली. पण केवळ तारे मोजून भागत नाही. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक केले जातात; त्यामुळे जुन्या वर्षीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या तोडीचे असतीलच असे नाही. चिठ्ठीवर वर्षाकाठी किती युनिट लागतील हा आकडा छापलेला असतो, तो पाहावा. दोन फ्रिजांत वर्षाला १०० युनिटांचा फरक असेल, तर दहा वर्षांत तो १,००० युनिटांचा होतो. मोरजी, मांद्रे, हरमल अशा किनाऱ्यावरच्या गावांत खारी हवा पत्र्याला लवकर गंज आणते. तेथे रंगापेक्षा पत्रा व त्यावरील लेप यांची चौकशी करावी. तसेच दुरुस्तीला माणूस म्हापशाहून येतो की थेट मुंबईहून, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

राहता राहिला ओटा. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुतज्ज्ञ स्त्रीने जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला. बाईला दर कामासाठी किती पावले चालावी लागतात आणि किती वेळ लागतो, याचा विचार करून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरविली. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. तो आराखडा आपल्याला जसाच्या तसा उपयोगी नाही. तो एकट्या गृहिणीसाठी होता, आणि आपल्याकडे चतुर्थीला चार जणी एकाच वेळी राबतात. परंतु त्यामागची दृष्टी घेण्यासारखी आहे. प्रथम काम मोजावे, मग भिंत बांधावी. ओट्याची उंची ठरविताना त्यावर काम करणारणीला उभे करून तिच्या कोपरापासून चार-सहा बोटे खाली खूण करावी. आणि म्हाताऱ्या आईसाठी एक कोपरा बसून काम करण्यासारखा, बुटका ठेवावा. तिला वाचता येणार नाहीत अशा अक्षरांच्या, बोटाने नुसते स्पर्श करावयाच्या बटणांपेक्षा फिरविण्याची साधी कळ तिच्या हाताला अधिक सोयीची.

आपल्या उदाहरणातील मुलाने पैसे पाठविले, हे त्याचे प्रेम होय. त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र यादी त्याने लिहून पाठविण्यापेक्षा मागवून घेतली असती तर बरे झाले असते. सासू आणि सून यांनी आठ दिवस आपापली कामे कागदावर टिपावी : वाटण किती वेळा, पाणी किती, बसणे-उठणे किती, वीज गेली ती केव्हा. त्या कागदावरून आधी तारा आणि हवा, मग ओटा, मग साधने आणि सर्वांच्या शेवटी रंग व चकाकी असा क्रम लावावा. पैसा पुरला नाही तर चकाकी कमी करता येते. भिंतीत गाडलेली तार पुन्हा बदलता येणे कठीण. आणि त्या यादीच्या अगदी वर, फ्रिजच्या व चिमणीच्याही आधी, आईने विचारलेली ती नारळ खवण्याची जागा लिहिलेली असावी.