जुन्या लॅपटॉपची उष्णता

वैशाखांत नांदेड-लातुराकडे पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि परीक्षा आटोपलेलीं मुलें जुन्या लॅपटॉपमध्यें नवें ग्राफिक्स कार्ड बसवून मागतात. खर्च लहानसहान नव्हे, म्हणून थोडा विचार करावा.

मेजावरच्या संगणकांत तें कार्ड सुटें असतें. लॅपटॉपमध्यें मात्र ती चिप बहुधा मदरबोर्डवरच डाख देऊन जडविलेली असते. काढतां-घालतां येणारीं एमएक्सएम जातीचीं कार्डें थोड्याच, बहुधा महागड्या, यंत्रांत आढळतात. तें भाग्य लाभलें तरी जोरकस कार्ड वीज अधिक घेणार आणि तिची उष्णताच होणार; ती बाहेर टाकणारी तांब्याची नळी व पंखा मात्र जुन्याच मापाचे!

पंचवीस अंशांच्या खोलींत सत्तर अंशांवर राहणारी चिप बेचाळीस अंशांच्या खोलींत, त्याच कामासाठीं, सुमारें सत्याऐंशीवर जाते. आणखी तापली कीं ती आपण होऊन मंदावते. मुलगा म्हणतो, कार्ड जुनें झालें. पुष्कळदां तें गुदमरलेलें असतें. धूळ जाळींत नमद्यासारखी बसते, थर्मल पेस्टचा लेप सुकतो. जाणत्या कारागिराकडून जाळी झाडून घ्यावी, लेप नवा करवावा. यंत्र गादीवर ठेवूं नये. मागची कड बोटभर उचलणारी लाकडी पट्टी पुरे. कूलरच्या तुषारांत तर मुळींच नको.

इतक्यावरही कोणी कार्ड बदलून देतों म्हणालाच, तर पैसे मोजण्यापूर्वीं झांकण उघडवून तें सुटें आहे कीं जडविलेलें, हें स्वतः पाहून घ्यावें.